बार्शीटाकळीचा पांढरा गुलाब

पुण्यात कोणाला ‘बार्शीटाकळीला निघाले आहे’ असे सांगितले, की समोरचा माणूस पहिली दोन अक्षरे तेवढी ऐकतो आणि सोलापूरच्या गाडीची चौकशी करू लागतो. माझी बार्शीटाकळी त्या बार्शीपासून फार दूर, वऱ्हाडात आहे. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर, विद्रुपा नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. माझ्या लहानपणी अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी मीटरगेजची छोटी गाडी इथे थांबत असे. आता तो मार्ग रुंद झाला आहे. पण मी अजूनही पहाटे अकोल्याला उतरते आणि एस.टी.ची वाट पाहते. त्या प्रवासात खिडकीतून जे दिसते, ते पाहिल्यावाचून गावी आल्यासारखे वाटत नाही.

जानेवारीत या वाटेवर पऱ्हाटीची उरलीसुरली बोंडे फुटलेली असतात, तुरीची कापणी चाललेली असते आणि काळ्या जमिनीवर हरभरा हिरवागार पसरलेला असतो. वऱ्हाडात कापसाला पांढरे सोने म्हणतात. पण शेतातला कापूस नीट पाहावा, तर तो क्वचितच निव्वळ पांढरा असतो. दवात भिजलेले बोंड निळसर दिसते, ऊन चढले की तेच सायीच्या रंगाचे होते आणि वेचणी लांबलेले बोंड मातकट होते. पांढरा रंग असा कधी एकटा नसतो. हे मला शिकवले ते या रस्त्याच्या शेवटी असलेल्या एका अंगणाने आणि त्या अंगणात बसून चित्रे काढणाऱ्या माझ्या आत्याने.

आत्या येथील शाळेत चित्रकला शिकवीत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या किती तुकड्या तिच्या हाताखालून गेल्या, याची मोजदाद तिनेही ठेवलेली नाही. सोळा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, त्या पावसाळ्यात तिने अकोल्याच्या एका रोपवाटिकेतून पांढऱ्या गुलाबाचे कलम आणले आणि ओसरीसमोर लावले. दर वर्षी पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये ती त्याची छाटणी करते, मुळांशी शेणखत घालते आणि डिसेंबरअखेर झाड फुलांनी भरते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशात गुलाबाचे खरे वैभव हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांतच पाहायला मिळते. त्या बहरातले पहिले चांगले फूल आत्या जलरंगात उतरविते. वर्षाला एकच चित्र. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख.

गेल्या जानेवारीत मी गेले, तेव्हा तिने मलाही कागद देऊन शेजारी बसविले. कामाच्या धबडग्यात माझी झोप उणावली होती, रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी औषधांसोबत थोडी विश्रांतीही लिहून दिली होती. विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे, ही माझी समजूत आत्याला मान्य नव्हती. “पडून राहिलं की डोकं जास्तच चालते,” ती म्हणाली. “डोळ्याले काम दे, मंग डोकं आपोआप थांबते.”

ओसरीच्या उत्तरेकडील खिडकीशी तिचे टेबल होते. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून सावल्या जागच्या जागी राहतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खिडकी डावीकडे ठेवावी, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडत नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, फळी किंचित कललेली आणि फूल डोळ्यांच्या रेषेत, अशी बैठक तिने आधी जमवून घेतली. मग फुलदाणीतील गुलाबाकडे बोट करून तिने विचारले, “पाय बरं, किती रंग दिसतात.”

“पांढराच आहे.”

“पांढरा सोडून सांग.”

मी पाहत राहिले. पहिली पाच मिनिटे काहीच सापडले नाही. मग पाकळीच्या वळणात राखाडी दिसू लागला. खिडकीकडच्या कडेला आकाशाची निळसर छटा होती. फुलाच्या गाभ्यात, पाकळ्या एकमेकींना चिकटतात तिथे, लिंबाच्या सालीसारखा कोवळा हिरवट पिवळा उतरला होता. खालच्या पाकळीवर टेबलाच्या लाकडाचा तपकिरी उजेड परतून आला होता. शेवटी शुद्ध पांढरा म्हणावा असा भाग उरला, तो नखाएवढा.

गुलाबाच्या पांढऱ्या पाकळीत पांढरा रंग असा नसतोच. लाल गुलाबात रंगद्रव्य असते. पांढऱ्यात ते जवळजवळ नसते. पाकळीच्या पेशींमध्ये हवेच्या अगदी बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवर आपटून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून पाकळी पांढरी दिसते. फेस पांढरा दिसतो तो याच कारणाने. पांढऱ्या गुलाबाची पाकळी बोटांत चुरडली, की त्या पोकळ्या मोडतात आणि पाकळी पारदर्शक होते. म्हणजे पांढरे फूल हे भोवतालच्या उजेडाचे पात्र असते. उजेड जसा, तसे ते.

जलरंगात ही गोष्ट फार कामाची ठरते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. कागद हाच पांढरा. चित्रकाराने तो राखायचा आणि भोवतीच्या सावल्या तेवढ्या लावायच्या. त्यासाठी जाड, गुळगुळीत पृष्ठाचा, ३०० ग्रॅम वजनाचा कागद लागतो; पातळ कागद पाण्याने फुगतो. राखाडी रंग आत्या तयार घेत नाही. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून ती तो करते. निळा थोडा जास्त घातला की सावली थंड होते, तपकिरी जास्त घातला की उबदार. मिश्रण चहाच्या पाण्याहूनही पातळ. एक पाकळी आधी स्वच्छ पाण्याने ओली करायची, मग तिच्या सावलीच्या कडेला कुंचल्याचे टोक टेकवायचे आणि रंगाला आपण होऊन पसरू द्यायचे. ती वाळेपर्यंत शेजारच्या पाकळीला हात लावायचा नाही. मध्येच कुठे कडा हरवते, तर हरवू द्यायची. पांढऱ्या कागदावर पांढरी पाकळी उठून दिसत नाही असे वाटले, तर पाकळी गडद न करता तिच्या मागचे पान गडद करायचे.

वनस्पतिचित्राची शिस्त साध्या फुलचित्राहून वेगळी असते. त्यात पार्श्वभूमी नसते, फुलदाणी नसते. झाड ओळखता येईल इतके खरे चित्र हवे. गुलाबाचे पान म्हणजे देठावर मांडलेल्या पाच किंवा सात पर्णिका; त्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या. देठाच्या तळाशी दोन चिमुकली उपपर्णे देठालाच जोडलेली. काटे खोडाच्या आतून न निघता सालीवर उगवतात, म्हणून अंगठ्याने बाजूला दाबले की सुटून येतात. आणि कळीखालची पाच हिरवी निदले! ती सारखी नसतात, हे मी पन्नाशीत प्रथम पाहिले. बहुतेक गुलाबांत दोन निदलांच्या दोन्ही कडांना दाढीसारखे बारीक फाटे असतात, दोघांच्या कडा साफ असतात आणि पाचव्याच्या एकाच कडेला दाढी असते. कळीत ती एकमेकांवर येतात तेव्हा ज्या कडा बाहेर राहतात, त्यांनाच फाटे फुटतात. युरोपात मध्ययुगापासून पाच भावांचे एक कोडे या निदलांवर रचलेले आहे. आत्याने ते कुठेही वाचले नव्हते. तिने मोजले होते.

ही शैली महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ दापोडीला इंग्रजी अमदानीत एक वनस्पती उद्यान होते. त्याचे काम पाहणाऱ्या अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात तेथील वनस्पतींची दीडशेहून अधिक जलरंगचित्रे करवून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत आणि हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढे कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मी ही हकिकत सांगितली, तेव्हा आत्या काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणून मी पोरांले सांगो, चित्राखाली नाव आणि तारीख टाकायची. पुढं कोणाले काय कामाचं पडंल, सांगता येत नाही.”

त्या तारखा कोणाच्या कामी येणार आहेत, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कालंका देवीच्या दर्शनाला गेलो. बार्शीटाकळीचे हे मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. तेथील शिलालेख शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६च्या सुमाराचा आहे. ज्या हेमाद्रीच्या नावाने आपण ही बांधणी ओळखतो, तो यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला. त्याच्या कारभाराच्या ऐंशीएक वर्षे आधी हे देऊळ उभे होते. काळ्या दगडाच्या भिंती कोनाकोनांनी वळत जातात आणि आडव्या थरांच्या कडा एकीवर एक चढत जातात. आत्या शिकवीत असताना मुलांना इथे आणून बसवी. सावली म्हणजे काय, हे शिकवायला तिच्या मते याहून चांगला फळा नाही. दगड सगळा एकाच रंगाचा; तरी प्रत्येक कोन निराळा दिसतो, कारण प्रत्येकावर ऊन निराळे पडते. काळा दगड आणि पांढरा गुलाब, दोन्हींची घडण सावलीनेच कळते.

त्या सकाळी मात्र मला आणखी काही दिसले. पायरीवर पाऊल टाकण्यापूर्वी आत्या चपलेच्या टोकाने पायरी चाचपत होती. कोवळे ऊन तोंडावर येताच तिने हाताने डोळे झाकले. “सकाळचं ऊन लई टोचते आजकाल,” ती म्हणाली. वय चौऱ्याहत्तर, मी वयावर सोडून दिले.

दुपारी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असे जेवण झाल्यावर तिने गुलाबाच्या चित्रांची वही माझ्यासमोर ठेवली. मी ती पहिल्या वर्षापासून उलगडत गेले. पहिल्या चित्रांतील हात किंचित बिचकलेला. पाचव्या-सहाव्यापासून सावल्या अशा हलक्या, की कागदावर कोणी फुंकर घालावी. तेराव्या चित्राशी मी थांबले. गुलाब सायीच्या रंगाचा वाटला. चौदावा हळदीच्या दुधासारखा. नुकताच पुरा झालेला पंधरावा तर जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाचा झाला होता. रेषा तशाच नेमक्या होत्या. पर्णिका पाच, निदलांच्या दाढ्या जागच्या जागी. बदलला होता फक्त पांढरा.

“आत्या, झाड बदललं का?”

“नाई बाई. तेच झाड.”

“मग हे पिवळे का झाले?”

तिने चित्र हातात घेतले, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरले आणि म्हणाली, “पिवळं कुठं हाय? पांढरंच तर हाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आले, की तिने चष्मा लावलेला नाही. गेल्या दोन वर्षांपासून वाचायला चष्मा लागत नाही, हे ती सर्वांना कौतुकाने सांगे. पंचक्रोशीत तिच्या डोळ्यांचे गोडवे गायले जात. ‘म्हातारपणी डोळे तरुण झाले’ असे आम्हीही हसून म्हणत असू.

ज्याला आम्ही तारुण्य समजत होतो, तो मोतीबिंदू होता.

आपल्या डोळ्यातील भिंग जन्मतः काचेसारखे स्वच्छ असते. वयाबरोबर त्यातील प्रथिनांची रचना बदलते. काहींच्या बाबतीत भिंगाचा गाभा कठीण होतो आणि पिवळसर, पुढे तपकिरी होत जातो. हा बदल इतका सावकाश होतो, की माणसाला तो कळत नाही. पिवळ्या काचेतून जग पाहण्याची सवय होऊन जाते. अशा भिंगातून फिकट पिवळा आणि पांढरा यांतील फरक ओळखू येईनासा होतो आणि निळ्या छटा मंदावतात. याच प्रकारात काही काळ एक फसवी गोष्ट घडते. कठीण झालेल्या गाभ्यामुळे भिंगाची शक्ती वाढते, दूरचे अंधुक दिसू लागते, पण जवळचे चष्म्यावाचून वाचता येऊ लागते. घरचे लोक आनंदतात. प्रत्यक्षात ती डोळे तपासून घेण्याची वेळ असते.

चित्रकाराच्या बाबतीत हे कागदावर उमटते. फ्रान्सचे विख्यात चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले. त्यानंतरच्या काही वर्षांतील त्यांची चित्रे लालसर, तपकिरी आणि धूसर होत गेली. शस्त्रक्रियेची त्यांना भीती वाटे. ती त्यांनी १९२३ सालापर्यंत लांबविली. आत्याने मोनेंची चित्रे छापील पुस्तकांत पाहिली होती, पण त्यांच्या डोळ्यांची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती ऐकून तिने वही मिटली आणि विषय बदलला.

तिच्या भीतीचे कारण मला माहीत होते. माझ्या आजीचा मोतीबिंदू फार वर्षांपूर्वी काढला होता. त्या काळी खेड्यापाड्यांत गढूळ भिंग काढून टाकीत, पण त्या जागी दुसरे बसविण्याची सोय सर्वत्र नव्हती. रोग्याला जाड भिंगांचा चष्मा मिळे. त्यातून वस्तू मोठ्या आणि जवळ दिसत, कडेचे दिसत नसे. आजी भांडे उचलायला जाई आणि हात अलीकडेच मिटे. तांदूळ निवडणे सुटले, सुई सुटली. आत्याने हे सारे पाहिले होते. “मायचे हात धड होते,” ती रात्री अंथरुणावरून म्हणाली, “तरी ते बेकाम झाले. माह्या हाताचं तसं झालं, तर मंग मी करू काय?”

या प्रश्नाला ‘काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नव्हते. मी तिला समजले ते सांगितले. डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली प्रथम वापरले. ते गावोगाव पोहोचायला काही दशके गेली. आजीच्या वेळी जे नव्हते, ते आज तालुक्याच्या माणसालाही मिळते. आपल्या देशात अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते. ती ऐकत होती. हो मात्र म्हणाली नाही.

सकाळी मी उठले, तेव्हा ती खिडकीशी उभी होती. टेबलावर तिने दोन चित्रे शेजारी ठेवली होती, सहावे आणि पंधरावे. “मले तर दोन्ही सारखेच दिसतात,” ती म्हणाली. “सूनबाईले विचारलं. ती म्हणे, हे पिवळं हाय. दुधवाल्याच्या पोराले विचारलं, तोही तेच म्हणे.” थोडे थांबून तिने विचारले, “अकोल्याले कवा जायचं?”

जे आमच्या बोलण्याने झाले नसते, ते तिच्याच तारखांनी केले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले; उजव्यात अधिक. रक्तातील साखर, रक्तदाब आणि डोळ्याचा पडदा तपासला. मोतीबिंदू काढला तरी पडदा निरोगी असेल तरच दृष्टी चांगली येते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. आत्याने विचारले, “अजून पिकला नसंल, तर थांबू का?” हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. जुन्या पद्धतीत भिंग पूर्ण पांढरे होण्याची वाट पाहत. आता तिची गरज नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींच्या साहाय्याने भिंग विरघळवून काढतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग आत उलगडतात. उलट फार पिकू दिल्यास भिंग दगडासारखे कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते आणि डोळ्यातील दाब वाढण्याचाही धोका संभवतो. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की वेळ झाली असे समजावे. मोतीबिंदू विरघळविणारे थेंब म्हणून जे विकले जाते, त्याने तो जात असल्याचे सिद्ध झालेले नाही.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर आत्याने प्रथम पाहिले ते दवाखान्याच्या चादरीकडे. घरी आल्यावर दूरध्वनीवरून ती म्हणाली, “निळी दिसली मले, पांढरी चादर!” पिवळा पडदा अचानक दूर झाला, की अनेकांना काही दिवस जग निळसर भासते, मग मेंदू सवय करून घेतो. थेंब वेळेवर घालणे, डोळा न चोळणे, डोळ्यात पाणी जाऊ न देणे, खाली वाकून जड न उचलणे, हे तिने शाळेच्या वेळापत्रकासारखे पाळले. डावा डोळा मात्र तिने आग्रहाने दिवाळीनंतरवर ढकलला. डॉक्टरांनी घाई नसल्याचे सांगून मान्यता दिली. त्यामागे तिचा हेतू काय, हे मला या जानेवारीत कळले.

या खेपेला मी पोहोचले, तेव्हा झाड पुन्हा फुललेले होते आणि आत्या टेबलाशी बसली होती. डाव्या डोळ्याची तारीख महिनाअखेरची ठरली होती. समोर एकच फूल आणि एकच कागद, मध्ये पेन्सिलीची उभी रेघ. रेघेच्या डाव्या बाजूला तिने उजवा डोळा झाकून, जुन्या डोळ्याने पाहून गुलाब रंगविला होता. उजव्या बाजूला नव्या डोळ्याने. एक जुन्या पोस्टकार्डाचा, दुसरा दवातल्या कापसाचा. दोन्हींच्या निदलांना दाढ्या बरोबर जागी.

“आता हे दिसायचं नाही पुन्हा,” ती म्हणाली, “म्हणून लिहून ठेवलं.”

ती जुनी चित्रे फाडून टाकील, अशी मला धास्ती होती. तसे झाले नाही. पिवळ्या गुलाबांच्या मागील बाजूस तिने बारीक अक्षरांत एकेक ओळ लिहिली होती: ‘डोळ्यांत मोतीबिंदू असताना.’ सगळे काही सुखाचे झाले असेही नाही. नव्या डोळ्याला ओसरीच्या भिंतीचे डाग दिसले, स्वतःच्या हातांवरच्या सुरकुत्या दिसल्या. आरशात पाहून दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही, असे सूनबाईने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितले. जवळचे वाचायला आता पुन्हा चष्मा लागतो. पण देवळाची पायरी ती आता चाचपत नाही.

घरोघरी सगळेच चित्रे काढीत नाहीत, आणि चित्र काढून कोणाचा मोतीबिंदू जातही नाही. पण पांढऱ्या वस्तू प्रत्येक घरात असतात. धुतलेले धोतर आईला मळकट वाटू लागले, दिव्याभोवती वडिलांना वलये दिसू लागली, चष्म्याचा नंबर वारंवार बदलू लागला, संध्याकाळी बाहेर पडणे नकोसे झाले किंवा चष्मा अचानक सुटला, तर त्याचे कौतुक करून थांबू नये. साठी उलटलेल्यांचे डोळे वर्षातून एकदा तपासावेत. मधुमेह असेल तर आधीपासूनच. उन्हात काम करणाऱ्यांनी रुंद कडेची टोपी आणि गॉगल वापरावा. तंबाखू ओढण्याची सवय असेल तर सोडावी. ती भिंगालाही मानवत नाही.

निघण्याच्या दिवशी मी माझे चित्र पुरे केले. गाभ्यातला पिवळा थोडा जास्त झाला होता. आत्याने चष्मा लावला, कागद खिडकीशी धरला आणि ओला कुंचला त्या जागी टेकवून रंग हलकेच उचलला. खालून कागद पुन्हा पांढरा निघाला. मग तिने पेन्सिल माझ्या हातात दिली.

“तारीख टाक,” ती म्हणाली.